टाकी भरलेली, काटा खाली

सत्याप्पा मिस्त्रीला कुणी नाव ठेवलेलं खपायचं नाही. खपावं तरी का? खडेबाजाराच्या मागच्या बोळात पंचवीस वर्षं त्यानं जुन्या दणकट मोटारसायकली उघडल्या आणि जोडल्या. त्या गाड्यांना पेट्रोलचा काटा नसायचाच. टाकी हलवून, कान लावून तो सांगायचा, दीड लिटर हाय, जा बिनघोर. मग जपानी इंजनाच्या हलक्या गाड्या आल्या, शोरूम झालं, आणि सत्त्याऐंशीच्या दसऱ्यापर्यंत बोळातली गर्दी पार आटली. मिस्त्रीचं वय झालं, असं लोक बोलायला लागले. ते त्याला लई झोंबायचं.

नव्या गाडीवाल्यांतला एकटा भावकू टिकून होता. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. जांबोटीकडच्या गावांत गाईम्हशींना इंजेक्शनं देत फिरायचा. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी तो तोंड पाडून दारात उभा राहिला.

"अण्णा, दसऱ्यापासनं पेट्रोलचा काटा खालीच हाय. टाकी भरली तरी खालीच. मग मी बघायचंच सोडलं, आन् काल जांबोटीच्या चढावर पेट्रोल खरंच संपलं. दोन मैल ढकलली. शोरूमवाले म्हणतात मीटर बदला, टाकीतला तरंगा बदला, सामान यायला म्हैना लागंल. तुमी सांजपतोर बघा. न्हाय जमलं तर ह्यापुढं गाडी तिकडंच."

ह्यापुढं. भावकू गेला की बोळातलं दुकान बंदच करायचं, हे सत्याप्पाला कुणी सांगायला नको होतं.

"ठेव गाडी," तो म्हणाला. भावकू वळणाआड गेल्यावर मात्र त्यानं जपान्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शिव्या संपल्यावर कामाला लागला. चावी फिरवली. टाकीखालून मीटरकडं जाणारी वायर सोडवून इंजनाच्या लोखंडाला टेकवली, तर काटा सरसर वर. म्हणजे मीटर बिनदोष. मग पेट्रोल डब्यात काढलं, पेट्रोलबरोबर वरखाली होणारा तरंगा बाहेर घेतला, त्याच्या दोन्ही वायरी परत जोडल्या आणि तो हातानं वरखाली केला. काटा मेल्यासारखा पडून. मग तरंगाच गेला का? इथं शोरूमवाला थांबला असता. सत्याप्पानं एक वायरीचा तुकडा घेतला, तरंग्याच्या पत्र्यापासून बॅटरीच्या अर्थिंगला जोडला. काटा हातासोबत नाचायला लागला. तरंगाही धडधाकट! अर्थिंगच कुठंतरी तुटलं होतं. कुठं, ते मात्र दुपारपर्यंत सापडेना.

पारूबाई भाकरी घेऊन आली आणि नवऱ्याचा अवतार बघत बसली.

"अवं, दसऱ्याआधी काटा चालत हुता न्हवं? मग दसऱ्याला काय केलं गाडीला?"

"काय करणार? दरसालासारखी पूजा. धुतली, टाकी उतरवून चासीला काळा रंग…"

घास हातातच राहिला. खंडेनवमीला बांधल्या गिऱ्हाइकाची गाडी फुकट रंगवून, झेंडूचा हार घालून द्यायची, ही त्याची जुनी रीत. त्यानं टाकीखालचा बोल्ट काढला. तरंग्याच्या अर्थिंगच्या वायरीची चकती त्यानं स्वतःच, आपल्या हातानं, जाड रंगावर आवळून टाकली होती. रंगातून वीज जाणार कशी? जुन्या गाड्यांना काटाच नव्हता, त्यामुळं पंचवीस वर्षांत हे कधी नडलं नव्हतं; नवी गाडी त्यानं यंदाच पहिल्यांदा रंगवली होती.

"काखेत कळसा न् गावाला वळसा," म्हणत त्यानं रुपयाएवढी जागा खरवडून चकचकीत केली, चकती आवळली, टाकी बसवून भरली. काटा उठला तो थेट वरच्या टोकाला. सत्याप्पाला हसावं का रडावं कळेना. त्यानं दोन्ही केलं, आणि पारूबाईनं ते बघून न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळी भावकू काट्याकडं बघतच राहिला. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण सत्याप्पानं बोल्ट दाखवून सगळं सांगितलं.

"चूक माजीच, भावकू. माजाच रंग नडला."

भावकूनं वाकून बोल्ट बघितला. मग किल्ली घेत म्हणाला, "रंग तुमचा, व्हय. पर त्यास्नी म्हैना लागणार हुता, तुमाला दुपार लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्याप्पानं दुकान उघडलं, तर भावकूनं धाडलेले दवाखान्यातले तिघं नव्या गाड्या घेऊन बोळात उभे होते. त्यातल्या एकानं विचारलं, "मिस्त्री, म्होरल्या खंडेनवमीला आमच्या गाड्या पण रंगवणार न्हवं?"

"रंगवणार की," सत्याप्पा म्हणाला. "रुपयाएवढी जागा सोडून."