पाचव्या वर्षाची गोपद्मं

"आजी, डोक्याला तेल लावून आलात?" डॉक्टर विनीत यांनी विचारलं.

"देवाला दिवा लावून निघाले. डोकं कोरडं कसं ठेवू?" राहीबाई म्हणाल्या.

"तेल असलं की वीज नीट पोचत नाही."

"बघा आई, मी सांगत होते!" म्हणत सून अक्षदाने दवाखान्याच्या मोरीत त्यांचं डोकं साबणाने धुतलं. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्यावर पट्ट्याने बांधले गेले.

पोलादपूरहून महाडला दोघी आल्या होत्या त्या व्रतापायी. चातुर्मासात रोज तुळशीपुढे रांगोळीने गाईची पावलं, गोपद्मं, काढायची. अशी पाच वर्षं. हे पाचवं, आणि राहीबाईंचा उजवा हात थरथरू लागलेला. गोळ्यांनी भागलं नव्हतं. व्रत आपल्याच हाताने पुरं व्हावं, एवढाच त्यांचा हट्ट.

"ही थरथर मेंदूतल्या एका लयीतून येते," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून अगदी हलकी वीज देऊन ती लय आवरून बघू. अजून प्रयोगच आहे, खात्री देत नाही."

"भजनात मृदंग भरकटला की टाळकरी सांभाळून घेतो, तसंच ना? करा सुरू."

कपाळाला मुंग्या आल्या. डॉक्टरांनी कागदावर वळणं काढायला सांगितली. हात हळूहळू निवला, तशी राहीबाईंनी वळणं सोडून गोपद्मच काढलं. रेघ कुठेही हलली नाही. अक्षदाने पदर डोळ्यांना लावला.

यंत्र बंद झालं आणि थोड्याच वेळात पेन पुन्हा कापू लागलं.

"घरी नाय नेता यायचं हे?"

"अजून नाही, आजी. पुढच्या आठवड्यात या."

"येईन की. तेल न लावता येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षदा कालचा कागद आणि कात्री घेऊन तुळशीपाशी आली. "आई, ह्याचाच छापा कापते. वरून रांगोळी सोडली की झालं. पाऊल तुमच्याच हातचं की!"

राहीबाईंनी कागद क्षणभर निरखला, घडी घालून कनवटीला लावला. मग चिमूट धरली. हात थरथरला, पाऊल जरा वाकडं, कडेला विस्कटलेलं उमटलं.

"कालची गाय दाव्याला बांधलेली होती गो," त्या म्हणाल्या. "ही बघ. चालते हाय."

आणि चिमूट भरून त्या पुढच्या पावलाकडे सरकल्या.