ठिपकीचा खुराक

धाकटी सून फळांच्या रसाच्या कारखान्यात तपासनीस होती. रस काढल्यावर सफरचंदांचा चोथा ढिगाने उरायचा आणि दोन दिवसांत आंबून वास मारायचा. तिने प्रयोगशाळेत एक खटपट करून पाहिली. पाण्यात कालवलेलं एन्झाइम चोथ्यावर शिंपडायचं आणि तो पिंपात दाबून बंद ठेवायचा. चिवट धागे सुटून चोथा मऊ व्हायचा, जनावराला पचायला हलका. तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा तिने घरच्या ठिपकी गाईपासून सुरुवात करायचं ठरवलं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी नाक मुरडलं. "कारखान्याचा कचरा माझ्या गाईच्या तोंडी?"

"दोन आठवडे बघू, अण्णा. नाही मानवलं तर बंद."

"बघ बाई. शिकलेली तू."

पहिल्या दिवशी ठिपकीने हुंगून तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी गव्हाण चाटूनपुसून साफ. दूधही कमी झालं नाही. चाऱ्यासोबत रोज थोडा थोडा चोथा वाढवत सून निर्धास्त झाली.

अकराव्या दिवशी सकाळी ठिपकी उठेना. डावी कूस ढोलासारखी फुगलेली, रवंथ बंद. नवऱ्याने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर गोठ्यात शिरताच तीच पुढे झाली. "माझ्यामुळे झालंय. हे खायला घालत होते मी," म्हणत तिने चोथ्याचं घमेलं त्याच्यापुढे ठेवलं.

डॉक्टरने चोथा हुंगला, बोटांनी चुरडून पाहिला. मग नळी घालून गाईच्या पोटातला वायू काढला, सोड्याचं पाणी पाजलं. शेवटी शेण काठीने उकरत तो थबकला.

"चोथ्यात काही खोट नाही. पण हे मक्याचे दाणे कुणी चारले? तेही इतके?"

अण्णा खांद्यावरच्या टॉवेलचं टोक पिळत उभे होते.

"मी," ते म्हणाले. "चार दिवस झाले. लगद्यावर तिचं पोट कसं भरणार, असं वाटायचं. ही कामावर गेली की टोपलंभर घालायचो. काल जरा हात सैल सुटला."

रडू येतंय की हसू, सुनेला कळेना.

"मला सांगायचं तरी, अण्णा."

"तुला वाईट वाटलं असतं."

दुपारी कूस उतरली. ठिपकी धडपडत उठली, पाणी प्यायली आणि जराशाने तिचा जबडा सावकाश हलायला लागला. रवंथ सुरू झाला होता. सून आणि अण्णा कितीतरी वेळ नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सकाळपासून उपाशी आहेस," अण्णा म्हणाले. "दोन घास खा आणि आडवी हो. मी आहे इथे."

सून घरात गेली, पोटभर जेवली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.