चुकलेल्या फोटोंची खोकी

बाबा गेले त्याला सतरा दिवस झाले होते. घरात त्यांनी काढलेले चारशेच्या वर फोटो होते आणि त्यांतल्या एकातही त्यांचा चेहरा धड दिसत नव्हता.

रविवारी त्यांच्या कारखान्यातली जुनी मंडळी एका सभागृहात जमणार होती. समोर ठेवायला फोटो हवा होता. "शुक्रवारी दुपारपर्यंत आणून दे, नंतर मला सांगू नकोस," असं स्टुडिओवाल्या काकांनी दोनदा बजावलं होतं. आज गुरुवार. मी बाबांच्या कामाच्या खोलीत फरशीवर बसले होते, भोवती बुटांची अकरा रिकामी केलेली खोकी, आणि मेलेल्या माणसावर चिडू नये एवढं कळत असूनही मी चिडले होते.

बाबा कारखान्यात मापन विभागात होते. काटे, दाबमापक, तराजू तपासायचे आणि दुरुस्त करायचे. घरी आले की चहा घेऊन या खोलीत शिरायचे. इथे त्यांनी बावीस वर्षं एकच वस्तू बनवली. तिला आम्ही पेटी म्हणायचो. ती कॅमेऱ्यावर बसायची. पेटीतून कानाला ऐकू न येणारा आवाज निघायचा, समोरच्या माणसावर आपटून परत यायचा, तो किती वेळात आला त्यावरून अंतर कळायचं आणि एक छोटी मोटर भिंगाचं कडं तेवढं फिरवायची. मग फ्लॅश उडायचा. पेटीच्या पुढच्या बाजूला एक बारीक डोळा होता. समोरून पुरेसा उजेड परत आला असं त्याला वाटलं की तो फ्लॅश मध्येच तोडायचा. माणसाने फक्त बटण दाबायचं. "माणूस मध्ये आला की चूक आली," हे बाबांचं लाडकं वाक्य.

तोवर परदेशातल्या मोठ्या कंपन्यांचे असले कॅमेरे बाजारात आलेही होते. मी एकदा तसं म्हणाले. "त्यांचाही काचेपुढे फसतो," बाबा म्हणाले आणि परत पेटीतल्या तारा जोडायला डाग द्यायला लागले.

त्यांची एक पद्धत होती आणि सगळा घोटाळा तिनेच केला होता. नीट आलेला फोटो ते ठेवत नसत. ज्याचा असेल त्याला देऊन टाकत. पोस्टमनला दिला, डॉक्टरीणबाईंना दिला, माझे सगळे चांगले फोटो आत्याकडे गेले. "बरोबर आलेला फोटो काही शिकवत नाही," म्हणायचे. घरात राहिल्या त्या फक्त चुका, खोक्यांत भरून, खोक्यावर चुकीचं नाव लिहून. 'काच'. 'लोकर'. 'पांढरा शर्ट'. 'काळा कोट'. 'हलला'.

लहानपणी समोर उभी राहायचे मी. फरशीवर खडूच्या खुणा असायच्या, एक मीटर, दोन मीटर, चार मीटर. हातात पाटी, पाटीवर आकडे. लोकरीचा स्वेटर घातला की आवाज त्यातच मुरायचा आणि मी धुक्यातून आल्यासारखी दिसायचे. पांढऱ्या शर्टाने पेटीचा डोळा दिपायचा, फ्लॅश लवकर तुटायचा, चेहरा काळा पडायचा. मैत्रिणी खाली खेळत असायच्या आणि मी स्वेटर बदलत असायचे.

मी शिकायला बाहेर पडले तेव्हा बाबांना माणूस मिळेना. आई एकदा उभी राहिली, फ्लॅशला डोळे मिटले, "मला स्वयंपाक आहे," म्हणून गेली ती गेलीच. मग बाबा स्वतःच आरशासमोर उभे राहायला लागले. आवाज आरशावर आपटून परत यायचा, कडं आरशापाशी थांबायचं, आणि आरशातले बाबा तर त्याच्या दुप्पट लांब. फोटोत आरशावरचा धुळीचा कण न् कण मोजता येतो. त्यामागे बाबांच्या आकाराचं काहीतरी. असे दोनशे बारा फोटो. प्रत्येकामागे तारीख आणि "पुन्हा".

"सापडला?" आई दारातून म्हणाली.

"हा बघ. यात जरा तरी नाक आहे."

तिने चष्मा वर-खाली केला. "नाकाला काय करू? डोळे कुठायत?"

"आई, दुसरा नाहीये."

"धाकट्याच्या मोबाइलवर असतील."

माझ्या धाकट्या भावाने सात पाठवले होते. सातही फोटोंत बाबा मोबाइल मागायला हात पुढे करत होते, त्यात कसली सोय आहे ते बघायला. मोबाइलने इमानाने जवळचं धरलं होतं. तळहातावरच्या रेषा स्पष्ट, मागे बाबा पुसट.

दुपारी तेच सगळं घेऊन मी स्टुडिओत काकांकडे गेले. काका बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र, आणि पेटीवर हसणारे पहिले.

"चारशे फोटो आणि एक धड नाही!" ते म्हणाले. "याला म्हणतात संशोधक."

"काका, टोमणे नंतर. काही होईल का?"

"हल्ली कॉम्प्युटर करतो गं सगळं. बस."

कॉम्प्युटरने केलं. आरशातल्या धुरकट बाबांना त्याने भुवया दिल्या, गुळगुळीत गाल दिले, दात दिले. पडद्यावर बँकेचे निवृत्त मॅनेजर वाटावेत असे एक सुखी गृहस्थ आले. माझा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून मी त्याचीच एक प्रत घेऊन घरी आले.

आईने प्रत हातात धरली. "हे कोण?"

"आई!"

"अगं खरंच विचारतेय, हे कोण?" तिने प्रत टेबलावर पालथी ठेवली. "ठेवा कोणाचाही फोटो तिकडे. मी येणार नाही."

"लोक तुला भेटायला येणार आहेत. फोटोसाठी रुसायचं वय आहे का हे?"

ती ओट्याकडे वळली. मग म्हणाली, "चार दिवस झाले, डोळे मिटले की मला हे असेच दिसतात. पुसट. तुझ्या त्या खोक्यांतले. आधी नीट दिसायचे."

मी परत खोलीत गेले.

बारावं खोकं शुक्रवारी सकाळी सापडलं, कपाटाच्या वर, जुन्या दाबमापकांच्या मागे. त्यावर लिहिलं होतं, 'माणूस'. म्हणजे पेटीचा दोष नाही, माणसाने घोळ घातला, असे फोटो. आत तेरा होते. बटणाऐवजी बोट भिंगावर, टोपण काढायचं राहिलं, वगैरे. तळाशी बाबा होते.

दोन मीटरच्या खुणेवर उभे, खाकी शर्ट, कानामागे पेन्सिल. एक बोट वर, तोंड उघडं, कपाळाला आठ्या. डाव्या भुवईतला पांढरा केससुद्धा दिसत होता.

मला तो दिवस आठवला. मी सोळा वर्षांची होते, दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि त्यांनी मला तिसऱ्यांदा स्वेटर बदलायला लावला. मी कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला. "आता तुम्ही उभे राहा. कळू दे जरा." ते गेले, निमूट उभे राहिले. मी पेटीचा स्विच बंद केला, मुद्दाम. कडं दोन मीटरवर आणलं. मग भिंगाचं छिद्र: फ्लॅशचा आकडा बत्तीस भागिले अंतर दोन, म्हणून सोळावर. माझ्या वयाच्या मुली गाणी पाठ करायच्या, मला फ्लॅशचा आकडा आणि खुणांची अंतरं पाठ होती. स्विच पडलेला त्यांनी तिथून पाहिला आणि ओरडले. मी बटण दाबलं.

मागे त्यांच्या बारीक अक्षरात होतं: "फोकस अचूक. प्रकाश अचूक. पेटी बंद. ग्राह्य नाही."

मी फोटो आईच्या हातात दिला. तिने चष्मा वर-खाली केला नाही.

"तुझ्यावर ओरडतायत," ती म्हणाली.

"हो."

"'स्विच' म्हणतायत. बघ ना, ओठ बघ." तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "हाच."

काकांनी फोनवर कुरकुर केली. शोकसभेत असा बोट दाखवून ओरडणारा माणूस कसा दिसेल, निदान बोट तरी पुसतो म्हणाले. आईने माझ्या हातातून फोन घेतला. "भावजी, बोटाला हात लावलात तर बघा," एवढं बोलून परत दिला.

रविवारी सभागृहात बाबा सगळ्यांवर ओरडत होते. लोक आत येत, फोटो बघत आणि नकळत सरळ बसत. मापन विभागातले एक वाकलेले गृहस्थ काठी टेकत फोटोपर्यंत गेले. बराच वेळ बघून आमच्याकडे आले, डोळे पुसत.

"पेटीनेच काढला ना हा? किती वर्षं हसलो आम्ही त्याला. काय स्पष्ट आलाय!"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. म्हातारे खूश झाले असते, आणि बावीस वर्षांचं काहीतरी झालं असतं. पण फोटोच्या मागे काय लिहिलंय ते मला माहीत होतं.

"नाही काका," मी म्हणाले. "पेटी बंद होती."

"मग कोणी काढला?"

"हिने," आई म्हणाली. ती फोटोकडेच बघत होती. "चूक झाली होती हिच्याकडून."