सुकरीचं पहिलं पान

"काय गं, कोण गेलं? रडतेस कशाला?"

पुष्पाने हातातली फुंकणी खाली ठेवली. ओटीवर बसलेल्या प्रगतीने ओढणीने डोळे पुसले.

"राक्षस मेला, आये."

पुष्पाने कपाळावर हात मारला. आपल्या घरांतून हल्ली हेच ऐकू येतं ना? मुलं काय वाचतात, कशाला हसतात, कशाला रडतात, काही कळत नाही! प्रगती जव्हारला वसतिगृहात राहून अकरावी शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत जामसरजवळच्या आपल्या पाड्यावर येताना तिने मैत्रिणीकडून एक जाड पुस्तक आणलं होतं. जपानी चित्रकथेचं. त्याला मांगा म्हणतात, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"गावं जाळणारा राक्षस ना तो? काल तूच सांगत होतीस."

"हो, पण तो असा का झाला ते आज कळलं. लहानपणी तो नदीकाठी भावाची वाट बघत बसायचा. भाऊ आलाच नाही. कोणी त्याला घरात घेतलं नाही."

कोपऱ्यात तांदूळ पाखडणारी माघी आजी हसली. "आण इकडं तुझा राक्षस." तिने पुस्तक हातात घेऊन उघडलं. "अगो, हा तं पहिल्याच पानावर मेला!"

"आजी, ते शेवटचं पान. हे पुस्तक उजवीकडून वाचायचं. त्यांचं पहिलं पान तिकडे असतं."

"असं होय," म्हणत आजीने पुस्तक परत दिलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाघबारस होती. पाड्याची रीत अशी की, प्रत्येक घरातून ओंजळभर तांदूळ गोळा करायचे, वाघदेवाच्या दगडापाशी एकाच भांड्यात शिजवायचे आणि सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं. ज्या घरचे तांदूळ भांड्यात पडले नाहीत, ते घर पाड्याचं नाही. यंदा टोपली फिरवण्याचा मान पुष्पाच्या घराकडे होता.

"सुकरीचं दार विसरू नको," आजी सहज म्हणाली.

पुष्पाचा हात थांबला. "तिच्या दारात मी जायची नाय, आई. दहा वरसं कुणी गेलं नाय. आणि ती तं निघाली पोशेऱ्याला भावाकडं, कायमची. वाघबारस झाली की घराला काट्या लावून, दार बंद करून जाणार. बरंच झालं!"

पुष्पाचा राग पोकळ नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी, ती नवी सून असताना, याच सुकरीने तिच्या सासूला, माघीला, भर पाड्यात भुताळी, म्हणजे चेटकीण, म्हटलं होतं. माघीला दगड मारून हाकललं गेलं. दोन पावसाळे ती शेतातल्या खोपीत राहिली आणि पुष्पा रोज चोरून डोक्यावरून तिची भाकर न्यायची. पुढे समजावणारे लोक आले, माघी घरी परतली. काही वर्षांनी जादूटोण्याविरुद्ध कायदाही आला. मग हळूहळू पाड्याचं बोट सुकरीकडे वळलं. तिच्याशी बोलणं तुटलं, तिचे तांदूळ तुटले.

"सोमवार धरतेस, दिवा लावल्याबिगर पाणी पीत नाहीस," आजी शांतपणे म्हणाली. "पोट उपाशी ऱ्हातं तुझं, पोरी. राग मात्र रोज जेवतो."

त्यावर बोलली ती प्रगती. "आजी, तू फार साधी आहेस! आम्ही पोरं तर सुकरीकाकीला बघून अजून पळतो. हे बघ, मी तिचं चित्रसुद्धा काढलंय. मांगासारखं." आणि तिने हसत वही पुढे केली.

चित्रात सुकरी होती. मोकळे केस, बाहेर आलेले सुळे, उलटे पाय.

आजीने वही डोळ्यांजवळ धरली.

"असंच काढलेलं होतं," ती म्हणाली. "कोळशानं, आपल्या दारावर. पाय असेच उलटे. माझे."

प्रगतीचं हसू विझलं. "आजी, मी... मला नव्हतं माहीत..."

"त्या जपानच्या राक्षसाचं लहानपण तुला ठाऊक. त्याच्यासाठी रडलीस. सुकरीचं ठाऊक हाय?"

प्रगतीने नाही म्हणून मान हलवली.

"मंग ऐक. तिचं पहिलं पान मी सांगते. एकोणीस वर्साची होती. पोर तापानं फणफणलेलं, ओढ्याला पूर, जीप येईना. रातभर मांडीवर घेऊन बसली. सकाळी पोर थंड. कुणी केलं ते बघाया भगतानं दाणे टाकले आणि माझं नाव घेतलं. तिला कुणावर तरी रडायचं होतं, गो! ती ओरडली, हे खरं. पण दगड किती हातांनी मारले? वीस! त्या वीस हातांचं नाव कुणी घेतं का? सगळ्यांनी आपला दगड सुकरीच्या पदरात टाकला आणि हात झटकले."

"म्हणजे तिचं चुकलं नाय?" पुष्पाचा आवाज चिरकला. "मी भाकर न्यायचे, आई! तुमची पाठ मी शेकलीय!"

"चुकलं. लई चुकलं. पाठ आजही दुखते. पण वाघ आपलं वासरू नेतो, तरी बारशीला त्याला शेंदूर लावतो ना आपण? वासरू नेलं ते बरं केलं, असं कुणी म्हणत नाय. तोही याच रानाचा, एवढंच म्हणतो. आणि सुकरी तं माणूस हाय!"

पुष्पा दिव्यापाशी जाऊन बसली. हात जोडले, पण त्या दिवशी देवाचं नाव तोंडात येईना. पुन्हापुन्हा ते चित्रच समोर येई. माघीवर झालेला अन्याय आपण विसरलो नाही, याचा तिला अभिमान होता. आणि तोच अन्याय तिच्या घरात, तिच्याच लेकीच्या हातून, नव्या पेन्सिलीने काढला जात होता!

सकाळी टोपली घेऊन पुष्पा निघाली. मागे प्रगती. सगळी दारं झाली. शेवटी ओढ्यापलीकडचं राहिलं. दाराशेजारी काट्यांची मोळी तयार होती.

सुकरी बाहेर आली आणि टोपली बघून जागीच थांबली.

"चुकून आलीस काय, पुष्पा?"

"नाय. तांदूळ घाल."

"माझे? वाघोबाला चालतील?"

"वाघोबाचं वाघोबा बघेल. मला चालतात."

सुकरी आत गेली. ओंजळ भरून आणली, पण टोपलीत ओतायच्या घाईत अर्धे तांदूळ अंगणात सांडले. प्रगती खाली बसली आणि एकेक दाणा वेचू लागली. "काकी, मी तुमचं वाईट चित्र काढलं होतं," ती मान खाली घालूनच म्हणाली. "फाडलं ते."

पंगत बसायच्या आधी सुकरी सगळ्यांसमोर माघीपुढे उभी राहिली. "मी म्हटलं होतं तुला भुताळी. मीच. तू नव्हतीस."

"नव्हतेच," माघी म्हणाली. "लागलं मला ते. लई लागलं. आता बस. भात निवतोय."

मग सावळा नावाचा पाड्यातला म्हातारा काठी टेकत उठला. "दगड मीपण मारला होता," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली बसला. त्याच्यामागून आणखी दोघा-तिघांच्या माना खाली गेल्या.

संध्याकाळी सुकरीच्या दारची काट्यांची मोळी पाड्याच्या शेकोटीत जळत होती. ती टाकली सुकरीनेच.

मंडळी, क्षमा म्हणजे चुकीला बरोबर म्हणणं नव्हे. ज्याचं चुकलं त्याला ते कबूल करायला जागा देणं, आणि सगळ्यांचं पाप एकाच्या माथी मारून आपण मोकळं न होणं, ही क्षमा. आपण माणसाला नेहमी आपल्या बाजूने वाचायला लागतो, आणि जे आपल्याला पहिलं दिसतं ते बहुधा त्याचं शेवटचं पान असतं. पुस्तकातल्या राक्षसासाठी डोळे भरून येतात, हे चांगलंच आहे. तेच डोळे घेऊन एकदा ओढ्यापलीकडच्या दाराशी जाऊन यावं.