दोघांचं ‘बराबर’

ते २०१९ साल. माझ्या मुलानं, उद्धवनं, जुन्या पिकअपला नव्या मॉडेलचे, कंपनीचे पण वापरलेले पाटे (मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या) बसवून घेतले. वारंगा फाट्यावर गाडीखाली झोपलेल्या नरसिंग मिस्त्रीनं विचारलं, “बराबर हाय का?” पान्हा घेऊन मदतीला उभ्या उद्धवनं दोन्ही बाजूंची उंची पाहिली. “बराबर.”

त्याच गाडीतून आम्ही गरोदर सुनेला, अपर्णाला, डोंगरकड्याला माहेरी सोडायला निघालो.

“मागं काय वाजून राहिलं रे?”

“पाटे आत्ताच बदललेत, आई. तू तर बैलगाडीतबी भेत होतीस.”

उतारावर स्टेअरिंग सरळ असूनही गाडी उजवीकडे ओढू लागली. समोरून उसाचा ट्रक आला. अपर्णानं एका हातानं पोट धरलं, दुसऱ्यानं माझा दंड. ट्रक अगदी चाटून गेला.

थांबून पाहिलं, तर मागचा अ‍ॅक्सल तिरपा झालेला आणि पाट्यांचे नट हातानं फिरत होते.

उद्धवनं फोन केल्यावर नरसिंग फाट्यावरून धावत आला. “तू नट आवळले का, हे मी इचारलं होतं.”

“मी उंचीचं सांगितलं,” उद्धव पुटपुटला.

नरसिंग पुढं नांदेडला गेला. उद्धवनं गाडी विकून बियाण्यांचं दुकान टाकलं. अपर्णाला मुलगी झाली, ती आता शाळेत जाते. त्या उतारावर मी अजून डोळे मिटून घेते.