राणीच्या पाठीवरचा ठिपका

मधवाली तणतणत कचेरीत शिरली आणि मेलेल्या मधमाशांनी भरलेली पिशवी तिने कारकुनाच्या टेबलावर आदळली.

"तक्रार लिहा. हजारोंचा खून झालाय."

पिशवीतून औषधाचा उग्र भपकारा आला. कारकून खुर्चीसकट मागे सरकला.

गोष्ट एवढीच होती. तिच्या नणंदेच्या खिडकीबाहेर, सज्जाखाली, माशांचा भला मोठा घोस लटकला होता. नवं घर शोधायला निघालेल्या माशा त्या. पोट भरून निघतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन दिवसांत आपल्या वाटेने गेल्याही असत्या. पण नणंदेने फवारणीवाला बोलावला आणि त्या महाभागाने अर्ध्या तासात सगळ्यांचा निकाल लावला. मधवालीला हे कळलं शेजारणीकडून. तिने खालच्या फरशीवरचा खच झाडून पिशवीत भरला आणि नणंदेचं दार न वाजवता थेट इथे आली. वाजवलं असतं तर फोडलंच असतं.

कारकुनाने प्राणी-संरक्षणाच्या नियमांचं पुस्तक काढून सावकाश पानं उलटली. "घुबड आहे. कासव आहे. साप आहे. माशी नाही."

"मधमाशी!"

"ती कीटकांत. रानातली मारली तर गुन्हा नाही. पाळीव असली तर मालकाचं नुकसान म्हणून तक्रार घेता येते. तुमच्या होत्या का?"

"म्हणजे जिला मालक नाही तिचा जीव फुकट? तुमच्या परसातल्या भोपळ्याला फळ कोण धरवतं, घुबड?"

"बाई, पुस्तक मी लिहिलेलं नाही."

तेवढ्यात नणंद धापा टाकत आत आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. "वहिनी, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?"

"तू तर बोलूच नकोस!"

मधवालीने रागारागाने पिशवी वर्तमानपत्रावर उपडी केली. बघू दे त्या कारकुनाला, म्हणून ढीग बोटाने पसरला, आणि तिचं बोट थांबलं. एक माशी बाकीच्यांहून लांब होती. तिच्या पाठीवर जांभळा ठिपका होता.

गर्दीत राणी चटकन दिसावी म्हणून मधवाली आपण पाळलेल्या माशांच्या प्रत्येक पेटीतल्या राणीला ठिपका लावायची. सात नंबरच्या पेटीच्या वेळी रंग संपला होता, तेव्हा तिने नणंदेचंच जांभळं नेलपॉलिश वापरलं होतं.

"सापडला पुरावा!" ती ओरडली. "लिहा, पाळीव. माझ्या आहेत. आता बघतेच एकेकाला."

कारकुनाने लिहिलं. मग पुढचा रकाना वाचला. "मारण्याआधी मालकाला कळवलं होतं का?"

"कसलं कळवतात ही माणसं!"

"कळवलं होतं," नणंद म्हणाली. "तीनदा फोन केला तुला. माझ्या लेकीला एक माशी चावली तर श्वास कोंडतो, मागच्या वेळी तूच आमच्याबरोबर दवाखान्यात बसली होतीस. म्हटलं, वहिनी, येऊन घेऊन जा. तू म्हणालीस, माझ्या पेट्या भरलेल्या आहेत, या रानातल्या असतील, तुझं तू बघ."

मधवालीला तो फोन आठवला. त्या दिवशी ती मध काढत होती. हात चिकट, फोन खांद्यात धरलेला. पेट्यांच्या दारांशी माशांची ये-जा दिसत होती, म्हणून तिने भरलेल्या आहेत असं सांगून टाकलं. राणी पेटीतल्या अर्ध्या माशा घेऊन उठते आणि अर्ध्या मागे राहतात, हे ती दर वर्षी नवशिक्यांना शिकवायची. सात नंबरचं झाकण नुसतं उचलायचं होतं.

"काय लिहू?" कारकुनाने विचारलं.

तिने राणी तळहातावर घेतली. तिचा आवाज अजून चढलेलाच होता.

"लिहा! मालकिणीला विचारलं होतं. ती म्हणाली, माझ्या नाहीत."