आईची शिडी

आमच्या पिरॅमिड तळ्यात घडीची शिडी रोवली, की ती जागा त्या माणसाची. थंडगार पाण्यात उभं राहून पाय बधिर होतात, म्हणून शिडीवर चढून बसायचं आणि तिथून लांब गळ फेकायचा. शिडी रिकामी दिसली तरी तिला कुणी हात लावत नाही.

बाबा रोज पहाटे दोन शिड्या रोवतात. एक त्यांची, एक आईची. आई उन्हाळ्यात दूरच्या एल्को गावी गेली, 'थोडे दिवस' म्हणून.

यंदा मी शाळेच्या बास्केटबॉल संघाची कप्तान झालेय! आता मी कुणालाही काहीही तोंडावर सांगू शकते. फक्त एक गोष्ट सोडून. रविवारी आई फोनवर म्हणाली, "मी परत येत नाही, जोलीन. बाबांना तूच सांग. माझ्याच्याने होत नाही गं."

शनिवारी मी बाबांच्या शिडीजवळ उभी होते, तेव्हा कॅलिफोर्नियाचा एक पाहुणा पाण्यातून चालत आला. "दादा, ही शिडी रिकामी आहे का?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "बायकोची आहे. गाडीत बसून हात शेकतेय. येईलच."

पलीकडच्या शिडीवरून मर्ल काका खिदळले. "डेल्मर, उन्हाळ्यापासून शेकतेय रे ती! भाजली असेल एव्हाना!"

सगळे हसले. बाबाही हसले, आणि ते हसणं मला बघवेना.

"बाबा, ती येणार नाहीये," मी म्हटलं. "कधीच. मला सांगितलंय तिने."

मर्ल काकांनी मान फिरवली. बाबांची दोरी ताणली गेली, काठी वाकली. एवढा मोठा ट्राउट लागला होता, पण त्यांनी दोरी गुंडाळलीच नाही. मासा निसटला.

"कधी सांगितलं?"

"रविवारी."

"म्हणजे आठवडाभर तू एकटीच..." ते खाली उतरले. पाण्यातल्या सोड्याने आईच्या शिडीवर पांढरा थर धरला होता. बसायची पायरी त्यांनी बाहीने पुसली.

"बसा," ते पाहुण्याला म्हणाले. "दुसरी पायरी जरा हलते. ती आली की दुरुस्त करणार होतो."

पाहुण्याने गळ फेकला आणि थोड्याच वेळात आनंदाने किंचाळला. बाबा जाळी घेऊन त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहिले. आईला मासा लागला की ते तिथेच उभे राहायचे.